खालून कापायचं पाकीट

आमच्या हुबळीतल्या केशवापूरच्या घरात मिरचीपुडीचं पाकीट खालून कापायची पद्धत होती. कोणी पाहुणीबाई मदतीला म्हणून स्वयंपाकघरात शिरली आणि तिनं वरच्या कडेला कात्री लावली, की मी ओरडायची, "अगं अगं, थांब! डोकं कापशील त्याचं!" बाई दचकायची. मग मी पाकीट तिच्यासमोर धरायची. वरच्या बाजूला माझ्या धाकट्या भावाचा फोटो असायचा. दोन्ही हात कमरेवर, कपाळावर घाम, आणि फोटोवाल्यानं हस म्हटल्यावर जेवढं हसायला हवं त्याच्या निम्मं हसलेला. वरून कापलं तर कात्री बरोबर त्याच्या भुवयांवरून जायची. ते मला खपायचं नाही. वेडेपणा म्हणा हवं तर, पण दहा-अकरा वर्षं हा वेडेपणा मी नेमानं केलाय.

भाऊ कबड्डी खेळतो. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. डाव्या कोपऱ्यात उभा राहतो आणि चढाईला आलेल्याचा घोटा धरतो, एवढंच त्याचं काम. टीव्हीवर मात्र नाव घेतात ते चढाई करणाऱ्याचं. तो उडी मारतो, मांडी थोपटतो, कॅमेरा त्याच्या मागे. घोटा धरणारा खाली पालथा पडलेला असतो, त्याचं तोंडही दिसत नाही. मी किती वेळा टीव्हीला शिव्या घातल्यात. "अरे, धरला कुणी ते दाखवा की!"

ही पकड कुठं शिकलास असं कुणी विचारलं की तो सभ्यपणानं आपल्या गुरुजींचं नाव सांगतो. खरं काय ते मला विचारा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी एकोणीस. अप्पा सरकारी नोकरीत, सकाळीच बाहेर पडायचे. मी डी.एड. करत होते. मी चप्पल घालायला उंबऱ्याशी गेले की हा दाराआडून यायचा, दोन्ही हातांनी माझा घोटा धरायचा आणि पालथा पडून राहायचा. "अक्का, जाऊ नको." रडायचा नाही, फक्त सोडायचा नाही. मी एक पाय फरफटत अंगणापर्यंत जायची आणि समोरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

एकदा परीक्षेच्या दिवशी उशीर झाला होता. मी चिडले, पाय जोरात झटकला, आणि त्याची डाव्या हाताची करंगळी दाराच्या चौकटीवर आपटली. हळद लावली, माझी लाकडी पट्टी मोडून तिचा तुकडा बोटाला बांधला आणि पेपरला पळाले. डॉक्टरकडे संध्याकाळी नेऊ म्हटलं. संध्याकाळी सूज कमी वाटली, मग राहूनच गेलं. बोट वाकडं जुळलं ते जुळलंच. त्या पेपरात मला चांगले मार्क पडले होते. अजून त्या मार्कांचा राग येतो मला.

तर असा हा भाऊ मोठा झाला, राज्याकडून खेळला, आणि मग लीगमध्ये गेला. लीगमध्ये त्याला घेतलं समुद्रकाठच्या एका लहान शहराच्या संघानं. चार वर्षं त्या संघात होता. गाव चांगलं, माणसं त्याहून चांगली. ज्या बाई तिथल्या मैदानाची झाडलोट करायच्या त्या ह्याच्यासाठी घरून नाचणीची भाकरी आणायच्या. दसऱ्याला संघाचे गुरुजी आपणहून दोन दिवसांची सुट्टी द्यायचे, कारण दसऱ्याला घरी नसला की हा गडी नीट खेळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या शहरात कंपन्या म्हणाव्या तर एक प्लायवूडचं दुकान आणि एक दवाखाना. संघाच्या शर्टावर त्यांचीच नावं. अख्ख्या संघात जाहिरात मिळाली ती एकट्या कप्तानाला, कुकरची, तीसुद्धा एकदाच.

आणि तिकडं मोठ्या शहराच्या संघात? भावाच्याच जागी खेळणारा एक मुलगा होता. शेवटच्या वर्षी दोघांच्या पकडी जवळजवळ सारख्याच. मी गणित शिकवते, असलं सगळं वहीत मांडून ठेवते. तर त्या मुलाचा चेहरा विमानतळावर, मोबाइलच्या दुकानावर, बनियनच्या खोक्यावर. आणि आमच्याचा? मिरचीपुडीच्या पाकिटावर, तेही हुबळी-धारवाडात. खेळ तोच, मैदान तेवढंच, घोटेसुद्धा तसलेच. मला तर हा शुद्ध अन्याय वाटायचा. भावाला काहीच वाटायचं नाही, आणि त्याचा मला आणखी राग यायचा.

करार संपला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि गुडघ्याचं एक ऑपरेशन होऊन गेलं होतं. त्यांच्या लीगमध्ये करार संपला की पंधरा दिवस खेळाडू मोकळा असतो. ज्या संघाशी बोलायचं त्याच्याशी बोला, पटेल तिथं सही करा. नेमकं तेव्हाच त्या मोठ्या शहराच्या संघानं त्याला विचारलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा गुडघा अजून दोन वर्षं काढेल, फार तर तीन. म्हणजे हा शेवटचाच करार. ह्याच्या जिवावर पुढचं सगळं आयुष्य.

पुढच्या आयुष्याबद्दल त्याला एकच गोष्ट हवी होती. जुन्या हुबळीत एक पत्र्याची शेड, आणि आत कबड्डीची मॅट. आमच्याकडची पोरं-पोरी मातीवर खेळून वाढतात आणि मोठ्या स्पर्धेत एकदम मॅटवर जातात. पाय घसरत नाही, अडकतो, आणि गुडघा जातो. त्याचाही तसाच गेला होता. "अक्का, मला दुसरं काही नको," तो म्हणायचा, "पोरांना लहानपणीच मॅट मिळायला पाहिजे." लग्नाचं म्हटलं की "सीझन संपू दे." शेडचं म्हटलं की डोळे लकाकायचे.

त्याचे करारमदार बघणारा एक तरुण मॅनेजर होता. त्यानं मला फोनवर समजावलं. "मॅडम, खेळायचे पैसे दोन्हीकडे सारखेच धरा. प्रत्येक संघानं किती खर्च करायचा ह्याला लीगनं मर्यादा घातलीय. मोठं शहर झालं म्हणून जास्त देता येत नाही."

"मग मोठं शहर कशाला?"

"बाहेरच्या कमाईसाठी. तिथं कंपन्या आहेत, प्रेक्षक आहेत. संघाच्या मुख्य प्रायोजकाच्या जाहिरातीत सगळ्यांना घेतात, राखीव खेळाडूंनासुद्धा. लहान गावात हा कितीही घोटे धरू दे, बघणार कोण?"

मी वही उघडून हिशोब मांडला. नुसत्या खेळण्याच्या पैशात शेड झाली असती, मॅट झाली नसती. जाहिरातीचे आले तर दोन्ही.

भाऊ मात्र हट्टाला पेटला. "तिथं मला ओळखतात, अक्का. गुडघा दुखतोय हे मी न सांगता कळतं त्यांना."

"ओळखीनं मॅट येते काय?"

"भाकरी येते की."

"भाकरी मी देते तुला. गप सही कर."

दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढं ठेवून तो म्हणाला, "बरं. जातो." मी जिंकले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला अजिबात बरं वाटलं नाही, पण मी मान डोलावली आणि चहा प्याले.

आधी एक लांबलचक इंग्रजी फॉर्म आला. तो भरायचं काम माझं. शाळेत मुलांनी एक रकाना रिकामा सोडला तरी मार्क कापणारी मी, चष्मा लावून बसले. एका रकान्यात विचारलं होतं, खेळाडूचा चेहरा किंवा नाव इतर कुठल्या मालावर वापरलं जातं काय, असल्यास तपशील द्या. मी ठळक अक्षरांत लिहिलं, नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, पाकीट विसरलीस काय? विसरले नव्हते. हातातलं पेन ठेवून मी त्याच दुपारी तसलंच एक पाकीट खालून कापलं होतं. पण ती जाहिरात आहे हे डोक्यात आलंच नाही हो! ते कमरीपेठेतल्या अज्जांचं पाकीट होतं. जाहिरात म्हणजे करार, वकील, कॅमेरे. आणि अज्जा म्हणजे आमचे अज्जा.

कमरीपेठेत त्यांचं मिरची कांडपाचं दुकान. भाऊ पहिल्यांदा राज्याच्या संघात निवडला गेला तेव्हा ते आपणहून घरी आले होते. हातात नारळ, माझ्यासाठी खण, आणि किलोभर ब्याडगी मिरचीची पूड. अप्पांना म्हणाले, पोराचा फोटो पाकिटावर घालू काय? अप्पा म्हणाले, घाला की. झालं. त्यावर कागद नाही, सही नाही. तेव्हापासून दर दसऱ्याला अज्जा घरी येणार, बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून हातात देणार, भावाला शर्टाचं कापड, घराला सांबार मसाल्याचा डबा. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊ त्यांच्या दुकानात जाऊन बसणार, येणाऱ्या गिऱ्हाइकाला हातानं पाकीट देणार. हे आमच्याकडे देण्याघेण्यात धरत नाहीत. मामा भाच्याला कापड घेतो ते कुणी फॉर्मात लिहितं काय?

सहीचे कागद घेऊन मॅनेजर स्वतः हुबळीला आला. मी गिरमिट केलं. चुरमुऱ्यात कांदा-टोमॅटोची फोडणी घालून, वर शेव आणि सढळ हातानं मिरचीपूड. त्यानं दोनदा मागून घेतलं, नाक पुसत पुसत. मग हात धुवायला स्वयंपाकघरात आला आणि तिथंच थांबला. शेगडीशेजारच्या पाकिटाकडे बघत होता.

"मॅडम, हे काय?"

"मिरचीपूड. देऊ काय थोडी बांधून?"

"नाही, ह्याच्यावर हे कोण?"

"कोण म्हणजे? ओळखत नाहीस?"

त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं तिखट लागलं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तो घेतला नाही. मोठ्या शहराच्या त्या संघाचा मुख्य प्रायोजक कोण होता, ते तेव्हा मला कळलं. मसाल्याची कंपनी. देशभर ज्यांची मिरचीपूड विकते ती.

संध्याकाळपर्यंत तिकडून निरोप आला. दुकानदारानं लिहून द्यायचं, खेळाडूचा चेहरा आणि नाव ह्यापुढं वापरणार नाही म्हणून, आणि पाकिटं बाजारातून काढून घ्यायची. आठ दिवसांत तसं पत्र आलं तर सही, नाहीतर ते कोपऱ्यासाठी दुसरा गडी बघणार. तिथं जागा एक आणि वाट बघणारे दहा.

भाऊ हे ऐकून उठून उभा राहिला. "मग नको मला मोठं शहर."

"आणि शेड?"

"नको शेड."

"पोरांची मॅट?"

 तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड वर्ष मी घरात होतो. आठवतं तुला? तिथल्या प्लायवूडवाल्यानं दुकानावरच्या संघाच्या फलकातून मला काढलं. इथल्या व्यायामशाळेनं माझा फोटो काढून दुसऱ्याचा लावला. त्यांचंही बरोबर आहे, जो खेळत नाही त्याला कशाला लावतील? पण अज्जांनी पाकीट बदललं नाही. मी रोज स्वयंपाकघरात चहा करायला यायचो, तर पाकिटावर मी असायचो. खेळाडूच्या कपड्यात." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

मला तोवर हे माहीत नव्हतं. मी त्या पाकिटाचं डोकं जपत होते, आणि ते पाकीट त्याला जपत होतं. मी चष्मा काढून पुसला. "चूक माझी आहे," मी म्हटलं, "मी लिहिलं नाही म्हणून. मी जाते. तू फक्त स्कूटर चालव."

कमरीपेठेत शिरलं की अज्जांचं दुकान कुणाला विचारावं लागत नाही. शिंका यायला लागल्या की पोचलात असं समजायचं. भावानं स्कूटर पलीकडे लावली आणि डोक्यावरचं हेल्मेट काढलंच नाही. भर उन्हात हेल्मेट घालून उभा, लपतोय असं लांबूनसुद्धा कळत होतं.

अज्जा पोत्यांमध्ये बसले होते. धोतर, बनियन, भुवयांपर्यंत लाल झालेले. "बर्रि टीचर, कुंदर्रि," म्हणत त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. मी बसले, तीनदा शिंकले, आणि घडी केलेला कागद पर्समधून काढला. वाटेत घोकलेलं सगळं विसरले. एकदम म्हणाले, "अज्जा, माझ्याकडून चूक झाली." मग शहर, कंपनी, फॉर्म, सगळं सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं कन्नडात.

त्यांनी ऐकत ऐकत हात धोतराला पुसले. शेवटी कागदाकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यात मी काय सोडायचं लिहिलंय? एकेक सांगा."

मी वाचून कन्नडात सांगायला लागले. "चेहरा."

त्यांनी एक बोट मिटलं आणि पुढचं विचारलं. "मत्त?"

"नाव."

दुसरं बोट. "मत्त?"

"सही. आवाज."

चार बोटं मिटली. अंगठा उभाच राहिला. ते त्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "पाचवं काही नाही?"

"नाही. एवढंच."

"मुलगी देतानासुद्धा एवढं लिहून घेत नाहीत हो, टीचर," असं म्हणून ते हसले, आणि कन्नडात लांबलचक सही करून कागद माझ्या हातात दिला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीचं नाव पुढं करता आलं असतं, तिथं सगळ्यांचेच डोळे वाहतात. पण रडत होते मी, सरळ रडत होते. ह्या माणसानं भांडायला हवं होतं. काहीतरी मागायला हवं होतं. म्हणजे मला बरं वाटलं असतं.

"छापलेल्या पाकिटांचं काय कराल?" मी विचारलं.

"उलटी करून पुड्या बांधू. ते सोडा. तो बाहेर टोपडं घालून का उभा आहे? बोलवा की आत."

भाऊ आला. हेल्मेट काढून वाकला, तर अज्जांनी त्याला तसाच खाली धरला. "थांब. आता वाकलाच आहेस तर एक फोटो काढू. जाताना आठवण म्हणून. माझा पाय धर."

"अज्जा?"

"मॅचमध्ये धरतोस ना, तसा धर. मी चढाईला आलोय असं समज." आणि म्हातारबाबांनी धोतर वर खोचलं, भेगाळलेली टाच पुढं टाकली, डावा हात हवेत, अगदी चढाईवाल्यासारखा. भाऊ हसायला लागला, आठ दिवसांत पहिल्यांदा. गुडघे टेकून त्यानं दोन्ही हातांनी त्यांचा घोटा धरला. अज्जांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "टीचर, तुम्हीच काढा. जवळून काढा. आणि तू, सोडू नको रे. नीट धर."

मी फोटो काढला. एकावर भागेना, म्हणून चार काढले. निघताना अज्जांनी मला नारळ दिला. रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणाले, जणू मी त्यांच्याकडून काही घेऊन चालले नव्हते.

पुढं सगळं ठरल्याप्रमाणं झालं. भाऊ मोठ्या शहरात गेला. जाताना उंबऱ्याशी वाकून पाया पडला, आणि मला वाटलं आता हा घोटा धरील. त्यानं धरला नाही. एकतीस वर्षांचा बाप्या कशाला धरील? मीच उगाच पाय जमिनीत रोवून उभी होते.

मॅनेजर खोटं बोलला नव्हता. दोन महिन्यांत मोठ्या फलकावर मसाल्याच्या कंपनीची जाहिरात लागली. पाच खेळाडू, हातात डाव, समोर कढई. आमचा सगळ्यात शेवटी, अर्धा खांदा चौकटीबाहेर. त्यानं मला फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "अक्का, डाव कसा धरतात हे मला शिकवलं नाहीस." खेळायला मात्र त्याला दोन सामन्यांत एकदा उतरवत होते. त्या जागेवर त्यांचा आधीचा मुलगा होताच. बाकावर बसूनसुद्धा चेहरा दिसतो, मॅनेजरनं हे आधीच सांगितलं होतं, आणि मी तेव्हा त्याला फायदा म्हटलं होतं. फोनवर भाऊ तक्रार करायचा नाही. फक्त जेवलास काय विचारलं की "हो, मशीनवर वजन करून देतात" म्हणायचा. पैसे आले. जुन्या हुबळीत शेडचे खांब उभे राहिले. मी शाळा सुटल्यावर जाऊन ते बघून यायची, आणि येताना हिशोब बरोबर आला असं स्वतःला सांगायची.

दसऱ्याला त्याला सुट्टी मिळाली नाही. सणाच्या दिवसांतच कंपन्यांना जाहिराती करायच्या असतात. आदल्या दिवशी कमरीपेठेतल्या दुकानात त्याची खुर्ची रिकामी राहिली असणार. मी तिकडं गेले नाही, धीरच झाला नाही. अज्जा या वर्षी येणार नाहीत असं धरूनच चालले होते. यावं तरी का त्यांनी?

ते आले. नेहमीसारखेच, घामाघूम, हातात बन्नीची पानं. मला दिली, "बंगारासारख्या, सोन्यासारख्या राहा" म्हणाले. भावाचं शर्टाचं कापड टेबलावर ठेवलं, मसाल्याचा डबा ठेवला. मग पिशवीत हात घालून मिरचीपुडीचं पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

नवं पाकीट होतं. वरची बाजू कोरी लाल. चेहरा नाही, नाव नाही. बरोबर मधोमध एक भेगाळलेली टाच, वर खोचलेल्या धोतराचा काठ, आणि त्या घोट्याला घट्ट धरलेले दोन हात. फक्त हात. डाव्या हाताची करंगळी वाकडी.

"अज्जा, हे..."

"काय? चेहरा आहे काय त्यात?"

"नाही."

"नाव? सही? पाकीट बोलतं काय?" त्यांनी चार बोटं मिटून मला अंगठा दाखवला. "पाचवं काही नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"पण लोकांना कळणार कसं, हात कुणाचे?"

अज्जा खो खो हसले. म्हणाले, "सकाळपासून सतरा जणांनी विचारलंय, पोरगा दसऱ्याला आला नाही काय म्हणून. पाकीट हातात घेऊन विचारलंय!"

ते गेल्यावर मी फोटो काढून भावाला पाठवला.  मग त्याचा फोनच आला. मागे कुणीतरी त्याला उभं राहायला सांगत होतं, दिवे इकडं घ्या म्हणत होतं. तो हळूच म्हणाला, "अक्का, बोट वाकडंच आलंय की फोटोत."

"मीच बांधलं होतं ना. वाकडंच येणार."

"बरं झालं," तो म्हणाला. "सरळ असतं तर कुणाचेही हात झाले असते." आणि मग, इतक्या वर्षांनी, अगदी उंबऱ्याशी म्हणायचा तसंच, "अक्का, मला इथून यायचंय."

मी म्हटलं, "ये की. मॅट होईल तेव्हा होईल." पहिल्यांदाच मी पुढचामागचा हिशोब न करता बोलले. तो म्हणाला, हे एक वर्ष पुरं करतो, मग जिथं उभं राहायला मिळेल तिथं. मी बरं म्हटलं.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. गिरमिट करायचं होतं, सणाला येणारी माणसं दारात होती. कात्री घेतली आणि पाकीट हातात धरून उभी राहिले. सवयीनं खालची कड धरली, तर तिथं अज्जांची टाच. वरची धरली, तर भावाची मनगटं. शेवटी पाकीट पालथं केलं आणि मागच्या जोडावरून, हळूहळू, टाके उसवावेत तसं उघडलं. पूड डब्यात ओतली. मोकळं पाकीट पुसून खिडकीशी उभं करून ठेवलं.

अज्जांचा पाय चांगलाच आला आहे फोटोत. पण खरं सांगते, तिथं पाय माझा हवा होता. आता मी झटकला नसता.